हाताशी असेल त्यातून भयपट: पहिला लघुपट स्वतःच्या बळावर करू पाहणाऱ्यांसाठी

कमी पैशांत चित्रपट करायचा असेल, तर भयपटाइतका उदार प्रकार दुसरा नाही. प्रेक्षकाला जे दिसत नाही त्याचीच त्याला अधिक भीती वाटते, आणि न दाखवण्याला खर्च येत नाही. रामसे बंधूंनी १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ महाबळेश्वरला केला, तेव्हा दिग्दर्शनापासून ध्वनिमुद्रणापर्यंतची बहुतेक कामे भावाभावांनीच वाटून घेतली होती आणि अवघ्या साडेतीन लाखांच्या आसपास चित्रपट पुरा झाला, असे सांगितले जाते. ओरेन पेली या दिग्दर्शकाने २००६ साली सॅन दिएगोतल्या स्वतःच्या राहत्या घरात, सुमारे १५ हजार डॉलर आणि एक आठवडा एवढ्यावर ‘पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी’ चित्रित केला. त्यातल्या रात्रीच्या प्रसंगांत कॅमेरा झोपायच्या खोलीत ट्रायपॉडवर निश्चल उभा असतो. त्यामुळे छायाचित्रणकाराचा खर्च तर वाचलाच, शिवाय काय हलले, कुठे हलले हे शोधण्याचे काम प्रेक्षकाने आपण होऊन अंगावर घेतले. दोन्ही ठिकाणी माणसे, घर आणि साधने आधीपासून हाताशी होती, आणि चित्रपट त्यांच्या मापाने बेतला गेला.

पहिल्याच झटक्यात दोन तासांच्या चित्रपटाच्या मागे लागू नये. दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट, तीन रात्रींचे चित्रीकरण आणि पन्नास-साठ हजार रुपये एवढा आवाका धरून पुढचे विवेचन केले आहे. पैसे याहून कमी असतील तर रात्री कमी कराव्यात. ध्वनीवरचा खर्च मात्र कमी करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

कथेआधी यादी

लिहायला बसण्यापूर्वी आपल्याला फुकट काय मिळू शकते, याची प्रामाणिक यादी करावी. आजोळचे बंद घर, मित्राच्या वडिलांची पडून असलेली पिठाची गिरणी, रात्री रिकामी असणारी शिकवणीची खोली, चुलत्याची जीप, एकांकिका करणारी दोन-तीन पोरे, शिवणकाम जाणणारी मावशी, असे सगळे तीत यावे. मग या यादीतल्या वस्तूंनीच घडू शकेल अशी गोष्ट शोधावी. उलट क्रमाने गेलेले बहुतेक प्रयत्न वाडा भाड्याने मिळतो का, या शोधातच विरतात.

भूत निवडतानाही खर्चाचा विचार करायला हरकत नाही. वेताळाची पालखी मध्यरात्री निघते अशी समजूत आहे. ती पडद्यावर आणायची तर मशाली, भोई आणि शे-पन्नास माणसांचे जेवण लागेल. मुंजाला एक पिंपळ पुरतो. हडळीला रंगभूषा लागते, आणि ती फसली तर प्रेक्षक हसतो. सर्वांत स्वस्त म्हणजे चकवा. त्याला रूप नाही, पोशाख नाही आणि जागाही एकच लागते, कारण माणूस फिरून फिरून त्याच ठिकाणी येतो हेच तर त्याचे भय आहे. दुसऱ्या कोणत्याही कथेत एकच जागा वारंवार दिसणे ही निर्मात्याची अडचण वाटते, येथे तीच कथेची गरज ठरते.

उदाहरणार्थ, शेवटची एसटी चुकलेले सासरा आणि जावई माळावरच्या वाटेने पायी निघतात. वाटेत एक बाभूळ लागते, तिच्या फांदीला कुणीतरी लाल फडके बांधलेले असते. थोड्या वेळाने तीच बाभूळ पुन्हा येते. जावई हसून सोडून देतो, सासरा गप्प होतो. तिसऱ्या खेपेस फडके नसते, पण झाडाखाली सासऱ्याच्या वहाणा काढून ठेवलेल्या दिसतात, आणि सासऱ्याच्या पायांत वहाणा तर आहेतच. या प्रसंगाला एक झाड, दोन नट आणि दिसायला सारखे असे वहाणांचे दोन जोड एवढाच खर्च आहे. यापुढे गोष्ट कोठे न्यायची ते लेखकाने ठरवावे, पण एक नियम पाळावा: भयाचा कायदा एकच असावा आणि तो प्रेक्षकाला पहिल्या तीन मिनिटांत कळावा. चकवा लागला की उजाडेपर्यंत बसून राहावे, असे सासरा सुरुवातीलाच सांगतो. पुढे ते दोघे बसत का नाहीत, यावर सगळा ताण उभा राहतो. येथे सासरा-जावई हे नातेही फुकटचे नाही. जावयापुढे घाबरल्याचे दाखवायचे नाही आणि सासऱ्यापुढे उलट बोलायचे नाही, या दोन्हीकडच्या अवघडलेपणातून संवाद आपोआप सुचतात.

पटकथेचे एक पान म्हणजे पडद्यावरचे एक मिनिट, हा ठोकताळा भयपटात चालत नाही. ‘तो दाराकडे पाहतो’ ही एक ओळ पाऊण मिनिट खाऊ शकते. म्हणून बारा मिनिटांच्या लघुपटाला सात-आठ पाने भरपूर होतात.

स्वतःची कथा नसेल आणि नारायण धारप किंवा रत्नाकर मतकरी यांची एखादी कथा मनात घर करून असेल, तर आधी परवानगी घ्यावी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. धारप २००८ साली गेले, म्हणजे त्यांच्या कथा २०६८ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. ‘फक्त यूट्यूबवर टाकणार आहे’ किंवा ‘सौजन्याचा उल्लेख करतो’ याने परवानगीची गरज संपत नाही. आजीकडून ऐकलेली गावची गोष्ट कुणाच्या मालकीची नसते. तीवर काम करणे सर्वांत सुखाचे.

पैसे कोठे लावावेत

साठ हजार रुपये हाती आहेत असे धरू. त्यांतले वीस हजार ध्वनीसाठी बाजूला काढावेत: स्वतःची साधने घेऊन येणारा ध्वनिमुद्रक आणि सगळे आवाज एकत्र बसवण्याचे शेवटचे मिश्रण. पंधरा हजार जेवण आणि राहणे, नऊ हजार प्रवास, आठ हजार दिवे, कपडे, रंगभूषा आणि किरकोळ सामान, आणि उरलेले आठ हजार राखीव. कॅमेऱ्याच्या रकान्यात शून्य लिहिलेले पाहून पुष्कळांना धक्का बसतो, पण गेल्या चार-पाच वर्षांतला बऱ्यापैकी फोन या कामाला पुरतो. धूसर किंवा दाणेदार चित्र भयपटाचा प्रेक्षक शैली म्हणून मान्य करतो; संवाद ऐकू आले नाहीत तर मात्र तो तत्काळ उठतो.

नट आणि मदतनीस बिनपैशांनी येणार असतील, तर त्यांचे जेवण, गाडीभाडे आणि झोप यांची हयगय होता कामा नये. रात्री दोननंतर युनिटचा वेग निम्म्यावर येतो. त्या वेळी गरम पिठले-भात मिळाला, तर उरलेले शॉट निघतात, आणि वडापाव थंड झालेला असेल तर निघत नाहीत. सर्वांत अवघड प्रसंग म्हणून रात्री आठ ते बारा या वेळेत उरकावेत.

प्रत्येकाशी एक पानाचा का होईना, लेखी करार करावा. संगीतकार आणि लेखक यांच्याशी तो विशेष नेमका हवा. स्वामित्वहक्क कायद्यानुसार हक्काचे हस्तांतरण लेखीच असावे लागते. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरता हक्क मिळाला असे धरले जाते. उद्या परदेशी महोत्सवाने किंवा एखाद्या ओटीटी कंपनीने लघुपट मागितला, तर हे न लिहिलेले दोन शब्दच आडवे येतील. कागदाची हेळसांड किती महागात पडते, याचा दाखला १९६८ सालचा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ देतो. ऐनवेळी चित्रपटाचे नाव बदलले, नव्या नावाच्या पाटीवर स्वामित्वहक्काची सूचना टाकायची राहिली आणि त्या वेळच्या अमेरिकी कायद्यानुसार चित्रपट सार्वजनिक मालमत्ता झाला. जगभर पाहिल्या गेलेल्या त्या चित्रपटाच्या असंख्य प्रती इतरांनी विकल्या.

जागा, परवानगी आणि जिवाची काळजी

खासगी घर असेल तर मालकाचे ना हरकत पत्र घ्यावे, आणि घर सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांना कल्पना द्यावी; चित्रीकरणाच्या मध्यरात्री एखादे काका येऊन उभे राहणे ही भुतापेक्षा खरी आपत्ती आहे. गडकिल्ल्यांचा मोह आवरावा. अनेक किल्ले केंद्रीय किंवा राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली असतात आणि आजूबाजूला बहुधा वनखात्याची हद्द असते. रात्रीची परवानगी छोट्या युनिटला मिळणे दुरापास्त आहे. सार्वजनिक जागांसाठी महाराष्ट्रात गोरेगाव चित्रनगरीच्या महामंडळाची एक खिडकी योजना आहे, गोव्यात एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडे अर्ज करावा लागतो.

गावात रात्री चित्रीकरण असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवावे, आणि सरपंच व पोलीस पाटील यांना प्रत्यक्ष भेटावे. हा उपचार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी असल्याच्या अफवेवरून पाच निरपराध भिक्षुकांना जमावाने ठार मारले होते. रंगवलेला चेहरा आणि किंकाळ्या घेऊन अनोळखी माणसे अंधारात फिरत असतील, तर गावाला ते आधी ठाऊक असलेच पाहिजे.

उसाचा फड हे भयपटाचे उत्तम लोकेशन आहे; ‘लपाछपी’ या २०१७ च्या मराठी चित्रपटात उसाने वेढलेले घर अख्ख्या कथेचा सापळा बनते. परंतु जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात उसात बिबट्या राहतो, पिल्लेही तेथेच वाढवतो. त्या भागात रात्री फडात शिरू नये. फडाच्या कडेच्या पहिल्या दोन सरींची जागा आणि लांब (दूरचे जवळ दाखवणारी) लेन्स वापरून दिवेलागणीपूर्वी काम उरकावे. कोकणात आणि माळावर साप, विंचू यांची धास्ती असते. सर्वांनी बूट घालावेत, सर्पदंशावरचे प्रतिविष औषध कोणत्या ग्रामीण रुग्णालयात आहे याची चौकशी आधी करावी आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका तेथवर येण्यास किती वेळ लागेल हेही विचारून ठेवावे. कठडा नसलेल्या विहिरीजवळ रात्री काम करू नये. गळफासाचा प्रसंग असेल तर नटाच्या गळ्याभोवती खरा फास कधीही टाकू नये, मग तो ‘फक्त दोन सेकंदांसाठी’ का असेना. स्टुलावर उभ्या माणसाचे पाय चौकटीच्या वरच्या कडेतून खाली येताना दाखवले आणि भिंतीवर दोरीची सावली हलली, की काम भागते.

नट हौशी रंगभूमीतून मिळतात. पुण्यातला पुरुषोत्तम करंडक असो की जिल्ह्याजिल्ह्यांत होणारी राज्य नाट्य स्पर्धा, तेथे तयारीची मुले दिसतात आणि त्यांची पाठांतराची शिस्त चोख असते. त्यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचायला सरावलेला असतो एवढीच अडचण. तालमीत त्यांना फोनवर टिपलेला त्यांचाच चेहरा दाखवावा. सांगण्यापेक्षा ते लवकर उमगते. लहान मूल घ्यायचे असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि दिवसाला पाच तासांहून अधिक, तसेच सलग तीन तासांहून अधिक काम देता येत नाही. रात्रीच्या भयपटात मूल शक्यतो टाळावे. प्राणीही टाळावेत, कारण त्यांच्यासाठी प्राणी कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते. काळी मांजर एवीतेवी जुनी झाली आहे.

अंधार कसा टिपावा

नवख्यांचा मोठा गैरसमज असा की, अंधार दाखवायचा म्हणजे दिवे मालवायचे. दिवे मालवले की फोनचा कॅमेरा आपण होऊन उजेड वाढवतो आणि काळ्याऐवजी राखाडी, मुंग्या धावत असल्यासारखे चित्र देतो. अंधार दिसण्यासाठी चौकटीत कोठेतरी एक उजळ बिंदू असावा लागतो: कंदील, देवघरातली समई, अर्धवट उघड्या दारातून आलेली पट्टी. त्या तुलनेत बाकीचे काळे वाटते. चित्र थोडे उजळ टिपावे आणि एडिटमध्ये गडद करावे; गडद टिपलेले उजळायला गेल्यास दाणे वर येतात.

फोनमधली स्वयंचलित मांडणी पूर्ण बंद करावी. एक्स्पोजर (उजेडाचे प्रमाण), फोकस आणि रंगतापमान (उजेडाचा पिवळा-निळा कल) तिन्ही कुलूपबंद करता येतील असे ॲप घ्यावे. ‘ब्लॅकमॅजिक कॅमेरा’ हे मोफत आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने सेकंदाला २५ चौकटी (फ्रेम) आणि शटर १/५० सेकंद ठेवावे, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब पडद्यावर लुकलुकतात. लुकलुकणे हवे असेल तर ते हाताने बल्बपुढे पुठ्ठा हलवून करावे. रात्री फोनची मुख्य लेन्सच वापरावी, कारण जास्त रुंद दाखवणारी दुसरी लेन्स अंधारात फार कमी पडते.

चांदण्यासाठी गावात मिळणारा ५० वॉटचा एलईडी फोकस गच्चीवर किंवा झाडावर, पात्रांच्या पाठीमागे आणि उंच बांधावा. समोरून मारलेला प्रकाश लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो. दिव्यावर फिकट निळा जिलेटिन कागद लावावा, गडद निळा नव्हे. अंगण, फरशी किंवा वाट पाण्याने भिजवावी. ओल्या जमिनीवर एकच दिवा दहा ठिकाणी चमकतो आणि कोरडी माती जो प्रकाश गिळते तो परत मिळतो. दोन बादल्या पाण्याने पडणारा हा फरक भाड्याच्या महागड्या दिव्यानेही पडत नाही. सूर्यास्तानंतर आपल्याकडे वीस-पंचवीस मिनिटे आकाश गडद निळे असते आणि झाडांच्या आकृती स्पष्ट दिसतात. माळावरचे सगळे दूरचे शॉट याच वेळेत घ्यावेत; दुपारी तालीम करून, कॅमेऱ्याच्या जागांवर दगड ठेवून तयार राहावे, आणि तीन संध्याकाळी मिळून ते पुरे करावेत. जवळचे शॉट मग काळ्या कापडापुढे रात्री कधीही घेता येतात.

खरे भय कानाला वाटते

या कामात ज्याला एकच कौशल्य शिकायचे आहे, त्याने ध्वनी शिकावा. माणूस डोळे मिटून घेऊ शकतो, कान मिटता येत नाहीत. भयपटात अनपेक्षित क्षणी आवाज आला की प्रेक्षक दचकतो आणि येणार येणार असे वाटूनही आवाज आला नाही की तो खुर्चीच्या कडेवर सरकतो.

चित्रीकरणाच्या जागी ध्वनिमुद्रणाचा पहिला शत्रू म्हणजे रातकिडे. त्यांची किरकिर तासागणिक आणि हवेच्या गारव्यानुसार बदलते. रात्री नऊला घेतलेला सासऱ्याचा क्लोजअप आणि साडेअकराला घेतलेला जावयाचा क्लोजअप जोडला, की दर कटाला मागचा आवाज उडी मारतो आणि भास मोडतो. उपाय असा: संवाद शक्य तितक्या जवळून, कॉलरमाइकवर घ्यावेत, म्हणजे किरकिर कमी येईल, मग त्याच जागी सगळ्यांना गप्प बसवून किमान दोन मिनिटे नुसती किरकिर मुद्रित करावी आणि एडिटमध्ये ती अखंड पट्टी पूर्ण प्रसंगाखाली अंथरावी. ही पट्टी हाती आली की एक हत्यारही हाती येते. बाभळीखालच्या वहाणा दिसण्याच्या दोन सेकंद आधी ती पट्टी एकदम बंद करावी. खेड्यात वाढलेल्या कोणालाही ठाऊक असते की, रातकिडे अचानक थांबले म्हणजे जवळ कोणीतरी आले आहे. संगीताची गरज उरत नाही.

घरातल्या खोलीतही हीच शिस्त पाळावी. प्रत्येक जागेचा रिकामा आवाज एक मिनिट मुद्रित करावा. फ्रिज, पंखा, इन्व्हर्टर आणि पाण्याचा पंप बंद करावा. फ्रिज पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून मोटारीची किल्ली त्यात ठेवण्याची जुनी युक्ती चांगली आहे.

बाकीचे आवाज घरी करता येतात. मुळा किंवा शेवग्याची ओली शेंग माइकजवळ मोडली, की हाड मोडल्यासारखे वाटते. भिजवलेले जाड फडके फरशीवर आपटले की अंग पडल्याचा आवाज येतो. जुन्या झोपाळ्याच्या कड्यांची कुरकुर जवळून मुद्रित करून निम्म्या वेगाने वाजवली, तर ती एक सप्तक खाली उतरते आणि ती कशाची आहे हे कोणालाही ओळखता येत नाही. नारळाच्या झावळ्या अंगणात ओढणे, पितळी घंगाळावर ओले बोट फिरवणे, रिकाम्या माठात तोंड घालून श्वास घेणे, असे पुष्कळ प्रयोग एका दुपारी होतात आणि त्यांतले चार-पाच उपयोगी पडतात.

मागे रेडिओवर जुने भावगीत वाजते आहे, ही कल्पना आकर्षक असली तरी सोडून द्यावी. गीत, चाल आणि ध्वनिमुद्रिका या तिघांचे हक्क वेगवेगळे असतात. त्याऐवजी गावातल्या एखाद्या आजींना जात्यावरच्या पारंपरिक ओव्या म्हणायला विनवावे, आणि आवाज चित्रपटात वापरण्याची त्यांची लेखी संमती घ्यावी. जात्याची घरघर आणि थकलेला एकटा आवाज यांतून जी हुरहुर निर्माण होते ती विकत मिळणाऱ्या तयार संगीतात नसते.

मिश्रण करताना दोन गोष्टी तपासाव्यात. फोनच्या छोट्या स्पीकरवर फार खालचे स्वर वाजतच नाहीत, म्हणून भीतीसाठी केवळ घुमणाऱ्या खर्जावर विसंबू नये. त्यात थोडी मधल्या पट्टीची खरखर मिसळावी. दुसरे असे की, सगळेच कर्कश असलेल्या व्हिडिओचा आवाज यूट्यूब आपोआप कमी करते. शांत भाग खरोखर शांत ठेवला, तरच दचकवणारा आवाज मोठा भासतो.

रक्त, आणि एडिट

रक्तासाठी औषधांच्या किंवा बेकरीच्या सामानाच्या दुकानात मिळणारे लिक्विड ग्लुकोज घ्यावे, त्यात खाण्याचा लाल रंग आणि अगदी चिमूटभर कोको घालावा. कोको नसेल तर रंग टोमॅटो सॉससारखा गुलाबी-लाल दिसतो. नटाच्या मनगटावर आदल्या दिवशी थोडे लावून पाहावे. कपड्यांवरचा डाग निघत नाही, त्यामुळे सदऱ्याचे तीन जोड हवेत, आणि टेक लांबला तर मुंग्या येतात. वर सांगितलेल्या १९६८ च्या चित्रपटात चॉकलेट सिरप वापरले होते. कृष्णधवलात ते रक्तच वाटले. रंगाविना चित्रपट करण्याचा हा एक लाभ आहे. तरीही बारा मिनिटांत एकदाच रक्त दिसावे, आणि तेही आपण अपेक्षा केली त्या माणसाच्या अंगावर नव्हे.

संकलनासाठी ‘डाव्हिन्ची रिझॉल्व्ह’ची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. पहिला कच्चा एडिट झाल्यावर आपल्याला ओळखत नसलेल्या पाच-सहा जणांना तो दाखवावा आणि स्वतः पडद्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहावे. कोण कोणत्या मिनिटाला फोन उचलतो, कोठे पाठ टेकतो, कोठे हसतो याची नोंद करावी. ‘कसा वाटला’ असे विचारल्यास सगळे छान म्हणतात. सहसा दिसते ते असे की, भयाचा क्षण फार लवकर उघड झाला आहे आणि त्याआधीची वाट पाहणे कापले गेले आहे. तेथे प्रत्येक शॉटला दोन सेकंद परत द्यावेत आणि संवादांतले स्पष्टीकरण काढून टाकावे.

लोकांपुढे नेताना

१९९९ सालच्या ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ने पात्रे खरोखर बेपत्ता असल्याची पत्रके वाटून कुतूहल उभे केले होते. त्याची नक्कल महाराष्ट्रात करू नये. भानामती, करणी, डाकीण या नावांनी आजही खऱ्या बायकांना मारहाण होते, गावाबाहेर काढले जाते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा अशा छळाला आणि चमत्काराच्या नावाने लोकांना फसवण्याला, घाबरवण्याला गुन्हा ठरवतो. कल्पित कथेला त्याने बाधा येत नाही. पण खऱ्या गावाचे नाव घेऊन ‘सत्य घटनेवर आधारित’ अशी चित्रफीत व्हॉट्सॲपवर सोडली, तर तिचे पुढे काय होईल ते आपल्या हाती राहत नाही. गावाचे नाव काल्पनिक ठेवावे. आणि एकट्या, विधवा किंवा गरीब बाईलाच हडळ करण्याची सवय टाळावी. ते अन्यायाचे आहेच, शिवाय प्रेक्षकाला ते पहिल्या मिनिटाला कळते.

लघुपट तयार झाला की लगेच यूट्यूबवर टाकण्याची घाई करू नये, कारण आधी सार्वजनिक झालेली कलाकृती अनेक महोत्सव स्वीकारत नाहीत. प्रवेशिका बहुतांशी ‘फिल्मफ्रीवे’ या संकेतस्थळावरून पाठवल्या जातात आणि बहुतेकींना शुल्क असते, म्हणून निवडक पाच-सहा ठिकाणी पाठवावे, त्यांत दोन आपल्या भागातले, दोन लघुपटांचे आणि एखाद-दुसरा खास भयपट व अद्भुतरसाला वाहिलेला असावा, जसे स्पेनमधले सित्झेस किंवा कोरियातले बुचन. इंग्रजी उपशीर्षके स्वतः करावीत आणि मालवणी किंवा अहिराणी संवाद असतील तर त्या बोलीच्या माणसाकडून तपासून घ्यावीत. चित्रपटगृहात दाखवण्याची वेळ आली तर लागणारी डीसीपी (डिजिटल सिनेमा पॅकेज) प्रत ‘डीसीपी-ओ-मॅटिक’ या मोफत प्रणालीने घरी करता येते. तिकीट लावून सार्वजनिक खेळ करायचा असेल तर केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र हवे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए श्रेणीचे ७, १३ आणि १६ वर्षांवरील असे तीन भाग झाले आहेत आणि भयपटाला बहुधा शेवटचा भाग किंवा ‘ए’ मिळते.

पुढचा मोठा चित्रपट करायचा असेल तर हा लघुपटच भांडवल समजावा. सॅम रेमी आणि त्याच्या मित्रांनी १९७८ साली ‘विदिन द वुड्स’ नावाचा छोटा चित्रपट केला, तो दाखवत पैसे जमवले आणि त्यातून ‘द ईव्हिल डेड’ उभा राहिला. निर्मात्याकडे जाताना आपल्या बारा मिनिटांसोबत पुढच्या कथेची दोन पाने न्यावीत, आणि तिसरा कागद म्हणून या लघुपटाचा पै-पैचा हिशेब न्यावा, पावत्यांसकट. साठ हजारांत काय काय झाले आणि कोणता रुपया कोठे गेला हे नेमके सांगू शकणाऱ्या माणसाशी साठ लाखांची बोलणी करायला कोणीही सहज बसतो.